क्रीडा विपणनात लेखनाचे मोल काय?

क्रीडा विपणनात करिअर करू पाहणाऱ्या आणि त्या कामात नुकत्याच उतरलेल्या वाचकांची पत्रे या वेळच्या सदरासाठी निवडली आहेत. वरकरणी त्यांचे विषय वेगवेगळे आहेत. परंतु प्रत्येकाची अडचण अखेर लेखनापाशी येऊन थांबते, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि जिल्हा संघातून कबड्डी खेळलो आहे. मला क्रीडा विपणनात जायचे आहे. तिथे ओळखी, बोलण्याची हातोटी आणि आकडेमोड लागते, असे सगळे सांगतात. पण इंटर्नशिपसाठी गेलो, तेव्हा मुलाखतीआधी मला पाचशे शब्दांचा मजकूर लिहायला लावला. या कामाचा लेखनाशी खरोखरच इतका संबंध असतो का? (एक विद्यार्थी, तासगाव)

उत्तर : संबंध असतो, आणि बाहेरून वाटतो त्यापेक्षा बराच जवळचा असतो. साबण किंवा सायकल विकणाऱ्याला निदान वस्तू तरी दाखवता येते. सामना विकणाऱ्याला ती सोय नाही. प्रायोजकाशी बोलणी चालू असतात तेव्हा सामना व्हायचाच असतो, कोण जिंकेल हे कोणाला ठाऊक नसते आणि पावसाने सगळा खेळ पाण्यात जाण्याची शक्यताही असते. तरीही प्रायोजकाने पैसे आधी द्यावेत, प्रेक्षकाने तिकीट आधी काढावे आणि वाहिनीने वेळ आधी राखून ठेवावी, अशी अपेक्षा असते. हा सारा व्यवहार लिहिलेल्या मजकुराच्या भरवशावर चालतो. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे आयपीएलचे प्रसारण हक्क जून २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले, तेव्हा त्यातला एकही चेंडू टाकला गेलेला नव्हता. कोणाला, कोणत्या माध्यमावर, किती काळ आणि काय दाखवता येईल, हे फक्त कागदावर होते. तुमच्या तालुक्यातल्या चार दिवसांच्या स्पर्धेत रक्कम फार लहान असेल, पण व्यवहाराची रीत तीच असते.

ओळखींविषयी तुम्हाला जे सांगितले गेले ते खोटे नाही. ओळखीमुळे दार उघडते. मात्र ज्याच्याशी तुम्ही गोड बोललात तो अधिकारी स्वतः निर्णय घेत नाही. तो तुमचा प्रस्ताव वरिष्ठांकडे पाठवतो. त्या बैठकीत तुम्ही नसता, तुमचे बोलणे नसते, फक्त तुमची दोन पाने असतात. ती पाने तुमच्या वतीने नीट बोलली नाहीत, तर ओळख तिथेच संपते.

शब्दाची ताकद पाहायची असेल, तर १९९६ चा क्रिकेट विश्वचषक आठवावा लागेल. स्पर्धेचे अधिकृत शीतपेय होण्याचा हक्क कोका-कोलाने पैसे मोजून घेतला होता. पेप्सीने त्याच दिवसांत ‘नथिंग ऑफिशियल अबाउट इट’ एवढ्या चार शब्दांवर जाहिराती उभ्या केल्या, आणि स्पर्धेशी कोणताही करार नसताना लोकांच्या तोंडी तीच ओळ बसली. दुसऱ्याने विकत घेतलेल्या हक्कावर असे अतिक्रमण करणे मला मान्य नाही, आणि प्रायोजकांच्या पैशावर खेळ चालतो हे माहीत असणाऱ्या कोणालाही ते मान्य होऊ नये. तरीही त्या लेखकाला प्रेक्षकाच्या मनातले एक नेमके कळले होते, हे नाकारता येत नाही : तरुण प्रेक्षकाला खेळ हवा असतो, त्याभोवतीचा सरकारी थाट नको असतो.

तुमच्याकडे मात्र एक भांडवल आहे, ज्याची तुम्ही पत्रात जाता जाता नोंद केली आहे. तुम्ही कबड्डी खेळला आहात. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा आयोजकांपुढचा मोठा प्रश्न मैदानाचा नव्हता, समजावून सांगण्याचा होता. ज्यांनी कबड्डी कधी पाहिलीच नव्हती, अशा घरांत ती दूरचित्रवाणीवरून पोहोचवायची होती. तीस सेकंदांची चढाई, ‘करो या मरो’ची तिसरी चढाई, तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी केलेली ‘सुपर टॅकल’ हे सगळे खेळाचा वेग वाढवणारे होतेच, पण ते एका दमात सांगता येण्यासारखेही होते. आता तुम्ही एक प्रयत्न करून पाहा. ‘करो या मरो’ म्हणजे काय, हे मैदानाचे तोंडही न पाहिलेल्या माणसाला कळेल असे लिहा. ‘एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाही आणला तर चढाईपटू बाद.’ आता हाच क्षण तासगावच्या त्या प्रेक्षकासाठी लिहा, ज्याला नियम पाठ आहे आणि ज्याला फक्त एवढेच जाणून घ्यायचे आहे, की त्या तिसऱ्या चढाईला कर्णधाराने अनुभवी खेळाडू सोडून नवख्याला का पाठवले. दोन्ही मजकूर वेगळे होतील. तो फरक ज्याला जमतो, त्याला या क्षेत्रात काम मिळते. मुलाखतीआधी पाचशे शब्द लिहायला लावणाऱ्या संस्थेला बहुधा हेच तपासायचे होते.

प्रश्न : मी एका स्पर्धा-आयोजन संस्थेत वर्षभरापासून काम करते. प्रायोजकत्वाचे प्रस्ताव मीच तयार करते, पण त्यांना उत्तरेच येत नाहीत. एका दुचाकी विक्रेत्याला पाठवलेल्या प्रस्तावाची सुरुवात सोबत देत आहे. स्पर्धा गुढीपाडव्याच्या आधी आहे. चूक कुठे होते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुम्ही पाठवलेला परिच्छेद इतरांनाही उपयोगी पडेल, म्हणून तो जसाच्या तसा देतो. ‘सविनय निवेदन करण्यात येते की, आमच्या संस्थेने क्रीडा क्षेत्रात भरीव योगदान दिले असून ग्रामीण भागातील होतकरू खेळाडूंना व्यासपीठ उपलब्ध करून देण्याच्या उदात्त हेतूने यंदाही भव्य जिल्हास्तरीय कबड्डी स्पर्धेचे आयोजन करण्यात येत आहे. तरी आपण सढळ हस्ते सहकार्य करावे, ही नम्र विनंती.’

या मजकुरात व्याकरणाची एकही चूक नाही. वाचणाऱ्याचा विचारच त्यात नाही, ही अडचण आहे. दुचाकी विक्रेता हे वाचतो तेव्हा त्याला कळते की कोणीतरी वर्गणी मागायला आले आहे, आणि वर्गणीसाठी त्याच्याकडे गणपतीपासून नवरात्रापर्यंत रांग लागलेली असते. संस्थेचे योगदान, हेतूची उदात्तता आणि आयोजनाची भव्यता या तिन्ही गोष्टी तुमच्या दृष्टीने खऱ्या असतील, पण त्यांपैकी एकीनेही त्याची एक गाडी विकली जात नाही. शिवाय ‘भव्य’ म्हणजे किती मोठी स्पर्धा, हे त्याला शेवटपर्यंत समजत नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही मला दिली आहे, त्याला दिलेली नाही. स्पर्धा गुढीपाडव्याच्या आधी आहे. पाडव्याला घरोघरी नवी गाडी येते आणि तिची नोंदणी आधीचे काही आठवडे चालते, हे त्या विक्रेत्याइतके कोणालाच माहीत नाही. मग सुरुवात अशी का करू नये? ‘पाडव्याच्या तीन आठवडे आधी, सलग चार संध्याकाळी, तालुक्यातील कबड्डीप्रेमी तरुण आणि शेतकरी कुटुंबे एकाच मैदानावर येतील. त्या चारही दिवशी प्रवेशद्वाराशेजारी आपली नवी गाडी उभी राहावी, तिथेच टेस्ट राइडची नावनोंदणी व्हावी आणि मध्यंतरात निवेदकाने त्याची घोषणा करावी, अशी आमची योजना आहे.’ पुढे गेल्या वर्षी किती संघ आले, रोज साधारण किती प्रेक्षक होते, तो आकडा तुम्ही कसा मोजला, आणि या सगळ्यासाठी किती रक्कम अपेक्षित आहे, हे लिहा. रक्कम पहिल्याच पानावर असावी. ती शेवटी दडवली की वाचणारा आधी तीच शोधतो आणि मधले काहीच वाचत नाही.

प्रेक्षकांचा आकडा फुगवू नका, ही विनंती मी आग्रहाने करतो. मैदानाची क्षमता दीड हजार असताना ‘दहा हजारांचा जनसमुदाय’ लिहिण्याची सवय आपल्याकडे फार रुजली आहे, आणि तिने लहान खेळांचे जितके नुकसान केले आहे तितके कशानेच केले नसेल. विक्रेता उद्घाटनाला स्वतः येतो, बाकांकडे पाहतो आणि पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

प्रस्तावापेक्षाही कमी लक्ष दिले जाते ते स्पर्धेनंतरच्या अहवालाकडे. स्पर्धा संपली, पैसे मिळाले, की बहुतेक आयोजक एक आभारपत्र आणि चार छायाचित्रे पाठवून मोकळे होतात. खरा अहवाल करारातल्या प्रत्येक बाबीला उत्तर देतो : ठरलेल्या फलकांपैकी किती लागले, ते कुठे होते, घोषणा कोणत्या सामन्यांच्या वेळी झाल्या, नावनोंदणी किती झाली, वर्तमानपत्रांत काय छापून आले. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने एक फलक पडला आणि तो अंतिम सामन्यापर्यंत परत लागला नाही, असे घडले असेल, तर तेही प्रायोजकाने विचारण्याआधी लिहावे आणि त्याबदल्यात काय दिले ते सांगावे. पुढच्या वर्षीचा करार बऱ्याचदा या अहवालावरच होतो, कारण लिहून दिलेले पाळणारी माणसे कोण आहेत, हे त्यातून दिसते. तुम्हाला उत्तरे न आलेल्या प्रायोजकांपैकी ज्यांनी मागे कधी तुमच्या संस्थेला पैसे दिले होते, त्यांना तेव्हा अहवाल गेला होता का, हे एकदा कपाटातल्या फायली काढून पाहा.

प्रश्न : आमचे खो-खोचे जुने मंडळ आहे. मैदानावर मुलामुलींचा रोज सराव चालतो आणि वर्षातून एक स्पर्धा होते. एका कंपनीकडे सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) निधीसाठी अर्ज केला, तो ‘आमच्या निकषांत बसत नाही’ या एका ओळीने परत आला. अर्जात काय लिहायला हवे होते? (मंडळाचे मानद चिटणीस, सोलापूर जिल्हा)

उत्तर : तुमचा अर्ज मी पाहिलेला नाही, पण पत्रात तुम्ही म्हटले आहे की त्यात स्पर्धेचा खर्च मागितला होता आणि ‘मैदानावर कंपनीचे फलक लावू’ असे आश्वासन दिले होते. अडचण तिथे आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ती कामे कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिली आहेत, आणि त्यांत ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यताप्राप्त खेळ, पॅरालिम्पिक व ऑलिम्पिक खेळ यांच्या वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे तुमचा रोजचा सराव तिथे बसू शकतो. मात्र मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम सीएसआरमध्ये धरले जाणार नाहीत, असे केंद्र सरकारने २०१४ मध्येच परिपत्रकाने कळवले आहे, आणि उत्पादनाच्या जाहिरातीसाठी दिलेले प्रायोजकत्व सीएसआर ठरणार नाही, असे २०२१ च्या सुधारित नियमांत म्हटले आहे. तुम्ही फलकाचे आश्वासन देऊन स्वतःच्या हाताने अर्ज बाद करून घेतलात.

तेव्हा एकाच पत्रात दोन्ही मागण्या कोंबू नका. सीएसआर विभागाला जाणाऱ्या अर्जात वर्षभराचे प्रशिक्षण असावे : किती मुले, किती मुली, आठवड्यातून किती दिवस, प्रशिक्षक कोण, मॅट आणि गुडघ्याच्या पट्ट्यांपासून आहारापर्यंत खर्च कशावर होणार, वर्षअखेरीस प्रगती कशी मोजणार. मंडळाची नोंदणी, करसवलतीसाठीच्या आयकराच्या १२अ व ८०जी नोंदी आणि सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळणारा नोंदणी क्रमांक सोबत हवा. तो नसेल तर आधी त्याच्या मागे लागा. स्पर्धेचा प्रस्ताव कंपनीच्या विपणन विभागाकडे वेगळा पाठवा, त्यात फलक, घोषणा आणि गणवेशावरील नाव यांविषयी मोकळेपणाने लिहा. मंडळ एकच आहे, पण वाचणारे दोघे वेगळे आहेत आणि दोघांना जबाब द्यावा लागतो तोही वेगळ्या लोकांना.

प्रश्न : मी एका क्रीडा संस्थेची समाजमाध्यमे सांभाळतो. खेळाडूला पदक मिळाले की आमच्या प्रायोजकांना तासाभरात अभिनंदनाची पोस्ट हवी असते. कायदेशीर बाबी तपासणे हे मजकूर लिहिणाऱ्याचे काम आहे की वकिलाचे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : शेवटचा शब्द वकिलाचा, पण पहिली शंका लिहिणाऱ्याला आली पाहिजे, कारण रात्री अकराला पोस्ट टाकताना शेजारी वकील नसतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ साली, पी. व्ही. सिंधूने कांस्यपदक जिंकल्यावर अनेक कंपन्यांनी आपली बोधचिन्हे टाकून अभिनंदनाच्या जाहिराती केल्या. ज्यांचा तिच्याशी करार नव्हता, त्यांच्याविरुद्ध तिचे काम पाहणाऱ्या कंपनीने कायदेशीर कारवाईचा पवित्रा घेतला होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले ते पहिलेच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. अशा दिवशी कोल्हापूरच्या चौकाचौकांत फलक लागणे स्वाभाविक आहे. गावाने लावलेला अभिनंदनाचा फलक आणि दुकानाच्या नावासह खेळाडूचे छायाचित्र वापरलेली जाहिरात यांत मात्र फरक आहे. ऑलिम्पिकच्या काळात तर खेळाडूच्या स्वतःच्या प्रायोजकांनाही ऑलिम्पिक सनदेच्या ४०व्या नियमाच्या (खेळाडूचे नाव व छायाचित्र जाहिरातीत वापरण्याविषयीच्या) मर्यादा पाळाव्या लागतात.

दुसरे, खेळाडूने पैसे घेऊन एखाद्या वस्तूची शिफारस केली असेल, तर ती जाहिरात आहे असे पोस्टमध्ये स्पष्ट लिहिणे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून अपेक्षित ठरवले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा आला. त्यामुळे भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून असाच ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या ड्रीम इलेव्हन या प्रायोजक कंपनीचे नाव गेले आणि संघ सप्टेंबरमधला आशिया चषक जर्सीवर प्रायोजकाचे नाव नसताना खेळला. त्या आठवड्यात असंख्य संघांच्या आणि खेळाडूंच्या पानांवरचा जुना मजकूर तपासून घ्यावा लागला असेल. तुमच्या संस्थेच्या खात्यावर कोणत्या पोस्टमध्ये कोणाचे नाव आहे, याची यादी आजच करून ठेवा. आणि पदकाच्या सामन्याआधी दोन मजकूर तयार ठेवा, एक जिंकल्यानंतरचा आणि एक हरल्यानंतरचा. घाईत लिहिलेला दुसरा मजकूरच सहसा खेळाडूला दुखावतो.

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात शिकली आहे आणि लांब उडीची खेळाडू आहे. तिला या क्षेत्रात यायचे आहे, पण इंग्रजी बेताचे आहे. शिवाय आता लिहिण्याचे काम संगणकच करतो, असे ऐकते. तिने लेखनावर वेळ घालवावा का? (एक आई, लातूर)

उत्तर : ताई, तिने जरूर वेळ द्यावा. इंग्रजी तिला शिकावे लागेल, हे मी लपवत नाही. मोठ्या कंपन्यांचे करार आणि ईमेल त्याच भाषेत असतात, आणि साधे, बिनचूक इंग्रजी दोन वर्षांत येऊ शकते. मराठीची बाजू मात्र तिने कमी लेखू नये. २०२३ मध्ये आयपीएलच्या ऑनलाइन प्रसारणात मराठी समालोचन आले, ते प्रेक्षक तिथे आहे हे ओळखूनच. मराठवाड्यातल्या बियाणे कंपनीला किंवा सहकारी बँकेला जी भाषा हवी असते, ती मुंबईत बसून इंग्रजीतून भाषांतर केलेल्या मजकुरात येत नाही.

संगणक मसुदा लिहून देतो, आणि तो वापरायला तिने शिकावे. पण स्पर्धेत काय घडले, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. चौथ्या प्रयत्नात पायाचे टोक फळीच्या पुढे गेले आणि पंचांनी लाल निशाण दाखवले, त्यामुळे पाचव्या प्रयत्नात मुलीने धाव एक पाऊल मागून सुरू केली आणि त्याच उडीवर ती पहिली आली, हे मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसालाच दिसते. ते टिपायला तुमच्या मुलीइतके कोण योग्य?

सरावासाठी एक मार्ग सुचवतो. जिल्हा संघटनेला प्रसिद्धिपत्रक लिहिणारे कोणीतरी नेहमीच हवे असते आणि ते काम मागायला सहसा कोणी येत नाही. तिने ते मागून घ्यावे. स्पर्धा संपताच गुणलेखकाच्या टेबलाशी बसून नावे तपासावीत, आडनाव आणि गाव दोन्ही विचारून घ्यावीत, छायाचित्रात डावीकडून कोण उभे आहे ते लिहावे, आणि जिल्हा पान बंद होण्याआधी, म्हणजे शक्यतो संध्याकाळी सातच्या आत, दोनशे शब्द वर्तमानपत्राला पाठवावेत. निकाल पहिल्या वाक्यात असावा. प्रमुख पाहुण्यांची यादी शेवटी, कारण जागा कमी पडली तर उपसंपादक खालून कापतो. दुसऱ्या दिवशी छापून आलेला मजकूर आणि तिने पाठवलेला मजकूर शेजारी ठेवून काय कापले, काय बदलले आणि कोणते वाक्य तसेच राहिले, ते तिने एका वहीत लिहून ठेवावे. नोकरीच्या मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या आधी ती वही पुढे ठेवावी.